डावीकडचं बक्कल

मागची सीट उचलली आणि मला ओकारीच आली.

सीटखाली उंदरांनी संसार मांडला होता. काथ्या, कापूस, कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे तुकडे, आणि त्यात मरून चिकटलेली पिल्लं. वरून खताचा वास. इंगवल्यांची ही गाडी कित्येक वर्षं खताच्या गोदामात उभी होती. युरियाच्या ओलीनं पत्रा खाल्ला होता. टपावर कबुतरांनी एवढी घाण केली होती, की मूळचा रंग कुठला हे खरवडल्याशिवाय कळत नव्हतं.

“पदर लाव नाकाला, शेवंताक्का,” मकबूलभाई म्हणाले. “अमेरिकेची राणी हाय ती. आंघोळ घातल्यावर बघ.”

“राणी म्हणं. मढं हाय मढं.”

“मढं तर मढं. पण तिला वळख बरं का. अशी ब्यूक आता कोल्हापुरात दुसरी न्हाई.”

मकबूलभाईंचं वर्कशॉप उद्यमनगरात होतं. पत्रा आणि रंग त्यांचा, सीटा आणि टप माझा. आम्ही जिनगर. माझे सासरे घोड्यांची खोगिरं शिवायचे. घोडे गेले, मोटारी आल्या, तशी आमच्या घरानं खोगिरं सोडून मोटारींच्या सीटा धरल्या. चामडं तेच, सुई तीच. घरधनी वारले तेव्हा त्यांच्या मशीनवर मी बसले. गाडीचं कापडी टप शिवणारी बाई म्हणून लोक आधी हसायला यायचे आणि मग काम घेऊन यायचे.

ब्यूक उघड्या टपाची होती. दोन दारं, लांबलचक बॉनेट, स्टेअरिंग डावीकडे. आप्पासाहेब इंगवल्यांनी ती तरुणपणी कुठल्याशा संस्थानिकाकडून घेतली होती. पुढं ते साखर कारखान्याचे चेअरमन झाले, जीपमधून शिवारं फिरू लागले, आणि ब्यूक गोदामात गेली. आता त्यांच्या पंचाहत्तरीची मिरवणूक निघायची होती आणि ती याच गाडीतून निघायची, असं त्यांच्या मुलानं ठरवलं होतं. मुलाचं नाव धैर्यशील. पांढरी सफारी, अंगाला अत्तर, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या डोक्यावरून बघायची सवय.

मूळचं इंजिन जाम झालं होतं. मकबूलभाई म्हणाले, खोलू, बघू, जीव आहे त्यात. धैर्यशील म्हणाला, काढून टाका, टेम्पोचं डिझेल इंजिन बसवा. मग बटण दाबल्यावर उघडणारं टप हवं झालं. मग पुढच्या जाळीमागं दोन कर्णे. मग दारांवर सोनेरी पट्टे. मकबूलभाई प्रत्येक वेळी “जी साहेब” म्हणायचे आणि तो गेला की पान थुंकायचे.

“राणीला लुगडं सोडून पायजमा घालायलाय,” ते म्हणाले. इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा मळणी यंत्रासारखा आवाज आला. त्यांनी कानांवर हात ठेवले.

पण हे सगळं चालण्यासारखं होतं. लोकांच्या हौसा आम्ही रोज बघत होतो. सीटा झाल्या, पांढरं टप झालं, आणि एका दुपारी धैर्यशील आला, शटर अर्धं खाली ओढलं आणि म्हणाला, “आता खरं काम.”

त्यानं नव्या मागच्या सीटवर हात थोपटला.

“आप्पांची तब्येत तुम्हाला ठाऊक आहे?”

ठाऊक सगळ्या तालुक्याला होती, पण ऐकीव. आप्पासाहेब बरेच महिने कुणाला दिसले नव्हते. कोण म्हणायचं मुंबईला आहेत, कोण म्हणायचं संपले. कारखान्याची निवडणूक तोंडावर आली होती.

“उजवं अंग गेलंय,” धैर्यशील म्हणाला. “बसवलं तर बसतात, पण घसरतात. मान पडते. लोकांना ते सरळ बसलेले दिसले पाहिजेत. सीटमधनं पट्टे काढायचे, कोटाच्या आतनं. मानेमागं पट्टी, ती फेट्यात झाकली जाईल. मावशी, तुम्ही खोगीर शिवणाऱ्यांच्या घरातल्या. तुम्हाला जमेल.”

“आजारी माणसाला उन्हातनं कशाला फिरवायचं, साहेब?” मी विचारलं.

“त्यांचीच इच्छा आहे.” मग तो मकबूलभाईंकडे वळला. “आणि हात. लोक हात हलवणार, तर त्यांचाही हलला पाहिजे. ट्रकच्या वायपरची मोटर किती जोर घेते हो?”

मकबूलभाई आधी हसले. त्यांना वाटलं, चेष्टा आहे. मग हसणं त्यांच्या तोंडावरच वाळलं.

“साहेब, माणसाचा हात हाय तो.”

“म्हणून तर हळू फिरणारी मोटर घ्या म्हणतोय.”

तो गेल्यावर मी म्हटलं, “मकबूलभाई, न्हाई म्हणून सांगा.”

“आपण न्हाई म्हटलं तर दुसऱ्याकडनं करून घेतील. तो तारेनं बांधेल म्हाताऱ्याला.” ते हातातल्या पान्याकडे बघत राहिले. “तुझं चामडं तरी मऊ असतंय.”

मी गुंडाळीतलं सगळ्यात मऊ चामडं काढलं.

मोजमापाला आणि चाचणीला आप्पासाहेबांना वर्कशॉपमध्येच आणलं. दोघा गड्यांनी उचलून ब्यूकच्या मागच्या सीटवर ठेवलं. मी त्यांना पूर्वी एकदा लांबून बघितलं होतं. ऊसदराच्या सभेत त्यांनी टेबलावर मूठ आपटली तेव्हा माईक पडला होता. आता कोटात माणूस होता की नुसता कोट होता, कळत नव्हतं. तोंड एका बाजूला ओढलेलं. डोळे मात्र जिवंत. ते सगळं बघत होते. पट्टे, मोटर, लोखंडी दांडी, माझे हात.

“आप्पा,” धैर्यशील मोठ्यानं म्हणाला, जसं काही ते बहिरे होते, “मिरवणुकीला यायचं ना?”

“बरं,” आप्पासाहेब म्हणाले.

“बघितलं? परवा आमच्या वहिनींनी विचारलं, तेव्हाही हेच म्हणाले.”

मी उजवा हात उचलून मनगटाला चामड्याची पट्टी घातली. हात थंड होता, पालीच्या पोटासारखा. मकबूलभाईंनी दांडी जोडली, बाहीत सारली, आणि माझ्याकडे न बघता बटण दाबलं. मोटर घुरघुरली. हात वर गेला, खाली आला, वर गेला. पंजा लटकत होता आणि दर वेळी बोटं गाडीच्या कडेला लागत होती.

“झकास!” धैर्यशील टाळी वाजवून म्हणाला. “आप्पा, बघा की, तुम्ही हात हलवताय! कसं वाटतंय?”

“बरं,” आप्पासाहेब म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं.

“पाणी येतंच,” धैर्यशील म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, त्याचा काही अर्थ नसतो.”

मी विचारलं, “आप्पासाहेब, तहान लागलीय?”

“बरं.”

“तुमचं नाव काय?”

“बरं.” आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.

मला तेव्हा कळलं. अंगावरून गेलेल्या वाऱ्यानं त्यांचे सगळे शब्द नेले होते आणि हा एक मागं ठेवला होता. त्या एका शब्दावर घरच्यांनी गाडी रंगवली, पत्रिका छापल्या, बँडवाले ठरवले. माझ्या तोंडाला कडू पाणी सुटलं. उंदरांच्या पिल्लांनी सुटलं नव्हतं एवढं.

फोन आला म्हणून धैर्यशील ऑफिसात गेला. मी आप्पासाहेबांच्या पुढ्यात गुडघे टेकून बसले.

“तोंडानं बोलू नका,” मी म्हटलं. “डावा हात हलतोय नव्हं? मिरवणुकीला जायचं नसलं तर मला ढकला.”

त्यांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि ढकललं. जोर नव्हता, पण मी मागं सरले. मग त्यांनी छातीवरचा पट्टा धरला आणि ओढत राहिले. लहान पोर नको असलेलं झबलं ओढतं तसे. पट्टा माझ्या शिवणीचा होता. तुटणारा नव्हता.

धैर्यशील परत आला. “बक्कल कुठं लावताय मावशी? मागं लावा, डिकीच्या बाजूनं. आप्पा मधेच चाळा करतात.”

“मागं लावलं तर पाठीत फुगवटा येतोय. कोट उचलल्यागत दिसंल,” मी म्हटलं. “फोटोत तेवढंच दिसतंय.”

फोटो म्हटल्यावर त्यानं लगेच ऐकलं.

फुगवटा थोडा आलाच असता, ते खोटं नव्हतं. पण आमच्या घरात तंगाचं बक्कल डावीकडेच असतं. तंग म्हणजे घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. सासरे सांगायचे, घोडा पडला, स्वार अडकला, तर स्वाराला एका हातानं खोगीर सोडता आलं पाहिजे. म्हणून बक्कल हाताजवळ, आणि जीभ अशी शिवायची की आवळताना घट्ट बसेल आणि एका झटक्यानं सुटेल. जो जिनगर असं शिवत नाही तो माणूस मारतो, असं ते म्हणायचे. मी तसंच शिवलं. चामड्याची जीभ कोटाच्या डाव्या खिशातून थोडी बाहेर ठेवली. मग आप्पासाहेबांचा डावा हात धरून तिच्यावर ठेवला.

“हे ओढलं की सुटतंय,” मी हळूच म्हटलं.

त्यांनी ओढलं. सुटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा लावून टाकलं.

मिरवणुकीच्या दिवशी मला वाटलं होतं, गाडी दिली की आपण सुटलो. पण सकाळीच निरोप आला, मावशींना घेऊन या. मोटर सतत चालू ठेवली तर हात थांबायचाच नाही, लोकांना संशय येईल. गर्दी आली की चालू, गर्दी सरली की बंद, असं कुणीतरी करायला हवं होतं. धैर्यशीलचे दोन्ही हात नमस्कारात गुंतलेले असणार. गाडी मकबूलभाई चालवणार. मागं, आप्पासाहेबांच्या पायाशी, खाली दडून बसेल असं बारकं माणूस हवं होतं.

“मी न्हाई,” मी म्हटलं.

“मग आमचा गडी बसवू,” धैर्यशील म्हणाला. “त्याला काय, बटणच दाबायचंय.”

मी आप्पासाहेबांकडे बघितलं. फेटा बांधून, पावडर लावून त्यांना आधीच आवळून बसवलं होतं. गडी खाली बसला असता तर त्यांच्या डाव्या हातावर त्याची नजर राहिली असती. मी बसले. माझ्या पिशवीत रापी होती, चामडं कापायची. एखादा पट्टा सैल-घट्ट करावा लागेल म्हणून घेतली होती. गड्यांनी माझ्या गळ्यापर्यंत चादर टाकली आणि चादरीवर हार.

गाडीच्या पुढं कापडी फलक धरलेला होता. मला तेव्हा वाचता येत नव्हतं, अक्षरं मला फार उशिरा आली. मकबूलभाईंना विचारलं तर म्हणाले, “जनतेचा आधारवड, असं लिवलंय.”

मिरवणूक निघाली. मला दिसत होते ते आप्पासाहेबांचे पाय, धैर्यशीलचे चकचकीत बूट, आणि वर आकाशाची एक पट्टी. डिझेलचा धूर खालून आत येत होता. ओल्या झेंडूचा, घामाचा, अत्तराचा वास. बँड, हलगी, फटाके. “आप्पासाहेब इंगवले यांचा विजय असो!” धैर्यशील बुटानं मला टोचायचा, मी बटण दाबायची. मोटर घुरघुरायची. बाहेर लोक ओरडायचे, “हात केला! आप्पांनी हात केला!” पुन्हा बूट. बंद.

मग माझ्या मांडीवर काहीतरी कोमट आलं. आप्पासाहेबांचं धोतर भिजलं होतं. ते माझ्या लुगड्यातून झिरपत खाली नव्या गालिच्यात गेलं. वर कुणीतरी त्यांना हार घातला आणि म्हणालं, “साहेब, काय तेज हाय चेहऱ्यावर!”

धैर्यशीलला वास आला असणार. त्यानं बूट आखडून घेतले.

तेवढ्यात डावा हात हलला. मी खालून बघत होते. हात मांडीवरून खिशाकडे निघाला, मधेच हाराच्या दोऱ्यात अडकला, सुटला, पुन्हा निघाला. बोटांनी जीभ धरली. निसटली. मला हात पुढं करावासा वाटला, पण ते त्यांचं काम होतं. त्यांनी पुन्हा धरली आणि ओढली.

पट्टा सुटला. आप्पासाहेब हळूहळू, पोतं सरकावं तसे, पुढं घसरले आणि माझ्या अंगावर आले. फेटा मानेमागच्या पट्टीला अडकून वरच राहिला. त्यांचं टक्कल माझ्या खांद्यावर टेकलं. त्यांचा श्वास माझ्या कानात लागत होता, पळून आलेल्या माणसासारखा.

पण उजवा हात वरच होता. मनगट पट्टीत, पट्टी दांडीत, आणि मोटर चालू. माणूस माझ्या कुशीत पडला होता आणि त्याचा हात गाडीच्या कडेवर लोकांपुढं हलत होता.

“विजय असो! विजय असो!”

मी बटण बंद केलं. बूट जोरात बरगडीत बसला.

“चालू ठेवा,” धैर्यशील दातांतल्या दातांत बोलला. हात जोडलेले, तोंडावर हसू तसंच. “चौक येऊ दे. हात दिसतोय तोवर काही बिघडत नाही.”

“साहेब, त्यांचा खांदा निखळंल.”

“चालू करा म्हणतो ना!”

मी वर बघितलं. रस्त्याकडेच्या एका माडीच्या कठड्याशी एक बाई उभी होती. तिला वरून सगळं दिसत होतं. तिनं तोंडाला पदर लावला होता. बाकी कुणाला काही दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं आणि तरी ते ओरडत होते. मला आजही सांगता येत नाही.

मी रापी काढली, बाहीत हात घातला आणि पट्टी कापली.

हात धपकन गाडीच्या कडेवर पडला आणि तिथून आत आला. घोषणा हळूहळू विरली. धैर्यशीलनं एकदा बापाकडे बघितलं, एकदा लोकांकडे, आणि तो सीटवर चढून उभा राहिला. एक बूट आप्पासाहेबांच्या धोतराच्या सोग्यावर होता.

“आप्पांना ऊन लागलंय!” तो ओरडला. “पण त्यांनी मला सांगितलंय, मिरवणूक थांबवू नकोस! माझी माणसं थांबली नाही पाहिजेत!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बँड पुन्हा सुरू झाला, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

तंबाखूच्या वखारीपाशी रस्ता अरुंद होतो. तिथं गाडी थांबवून तो मला म्हणाला, “उतरवा यांना. मागनं जीप येतेय.” मकबूलभाई खाली उतरले. त्यांनी पुढची सीट कलती केली, आप्पासाहेबांना दोन्ही हातांवर घेतलं आणि वखारीच्या बंद दारापुढच्या फळीवर नेऊन बसवलं. मी त्यांच्या शेजारी बसले. मकबूलभाईंनी आपल्या खिशातला रुमाल त्यांच्या डोक्यावर टाकला आणि गाडीकडे गेले. इंजिनाचा तो मळणीचा आवाज पुढं सरकला. धैर्यशील उभाच होता, दोन्ही हात हलवत.

मी आप्पासाहेबांच्या गळ्यातले हार काढले. कोट काढला. उजवा हात उचलून मांडीवर ठेवला. मनगटावर चामड्याचा लाल वळ उठला होता. वखारीच्या राखणदारानं तांब्याभर पाणी आणून दिलं. कोण आहेत, हे त्यानं विचारलं नाही.

जीप आली नाही. मिरवणुकीची शेपूट आली. कारखान्याच्या ट्रॉल्या, त्यांत कोंबून आणलेली माणसं, मागं चालत येणारे. कुणी आमच्याकडे बघितलं नाही. बघितलं तर काय, एक ओली बाई आणि डोक्यावर रुमाल टाकलेला, बंडीतला एक म्हातारा.

त्यातला एकजण, तोंडभर गुलाल माखलेला, आमच्यापाशी थांबला. धापा टाकत होता.

“मावशी, आप्पासाहेब लई पुढं गेलं का?”

“गेलं की,” मी म्हटलं. “पळ, गाठशील.”

त्यानं माझ्या शेजारी बघितलं. “म्हाताऱ्याला ऊन लागलंय वाटतं. सावलीला सरकवा जरा.” आणि तो पळाला. पळता पळता हात वर करून ओरडला, “आप्पासाहेब इंगवले यांचा विजय असो!”

शेजारी आप्पासाहेबांचे खांदे हलू लागले. मला वाटलं, रडू फुटलं. मी वाकून तोंड बघितलं. म्हातारा हसत होता. अर्ध्या तोंडानं, आवाज न करता, पोट धरून हसावं तसा. हसता हसता त्यांची लाळ माझ्या हातावर गळली.

मी ती पुसली नाही.